तिसरी पाळी

फत्तेसिंग गेला, त्याच्या अकराव्या दिवशी
आमचं गाणं सातव्या क्रमांकावर आलं.
पोरगी लेथजवळ फोन घेऊन आली.
मी म्हटलं, हात तेलाचे आहेत, तूच धर.

वर सहा जण, सगळे जिवंत.
खाली त्रेचाळीस, तेही.
मधे हा.

सव्वीस वर्षांपूर्वी बँडचं नाव ठेवलं ‘बीड’.
त्याचीच कल्पना. तो तेव्हा ओतकामाला होता,
म्हणायचा, लेका, बीड तुटतं पण वाकत नाही.
सांगली, कराड, जाईल तिथं लोक विचारायचे,
मराठवाड्यातनं कधी निघालात? जेवलात का?
आम्ही आत्ताच आलो म्हणायचो.
जेवण मिळायचं.

एकच कॅसेट निघाली. हजार काढल्या.
खपल्या किती, ते मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.
उरलेल्या माझ्या मामानं कागलला नेल्या,
फिती ओढून शाळूवर ताणल्या, पाखरांसाठी.
वारा सुटला की अख्खं रान घूंऽऽ करायचं.
फत्त्या बांधावर बसून तासभर ऐकत राहिला.
“बघ की,” म्हणाला, “हितं तुझा बेस ऐकू येतोय.
कॅसेटात कुठं हुता?”

आता सगळ्यांना सगळं ऐकू येतं.
दुसऱ्या कडव्याआधी जो टण्ण आवाज आहे
त्यावर पुण्यातली पोरं वाद घालतात,
कुणी म्हणतं त्रिकोण, कुणी तिबेटातली घंटा.
गंगावेशीतली म्हैस होती ती.
आमची खोली दूधकट्ट्याच्या वर, खिडकीला काच नव्हती,
आणि परत रेकॉर्ड करायला पैसे.

तिसऱ्या कडव्यात मी अर्धी मात्रा उशिरा येतो.
फत्त्यानं वळून पाहिलं,
डोळ्यांनीच शिवी दिली,
आणि ‘भोंगा’ हा शब्द माझ्यासाठी धरून ठेवला,
मी पोचेपर्यंत,
जसा कुणी चालत्या एसटीच्या दारात उभा राहून हात देतो.
त्या लांबलेल्या भोंग्याला आता लोक म्हणतात,
काय दर्द आहे. मरणाची चाहूल असणार.

चाहूल कसली.
चोवीस वर्षांचा होता तो
आणि खाली दोन मिसळ सांगून आला होता.

नंतर त्यानं पतसंस्थेची पिग्मी गोळा केली.
राजारामपुरी, पहिल्या गल्लीपासून तेराव्यापर्यंत,
रोज, सायकलवर, मग लुनावर, मग पायी, गुडघे गेल्यावर.
उद्या ये म्हणून ज्यांनी त्याला परत लावलं
त्याच दुकानांतनं आता तो गातोय.
एकानं तर मलाच सांगितलं,
मामा, हे ऐकलंय का, आपल्या गावचा माणूस आहे.

पंचगंगेवर आम्ही एकोणीस जण होतो,
शेणी रचणारे धरून.

वहिनींना समजावायला गेलो.
कंपनीचा कागद होता, त्यावर सही फत्त्याची हवी होती,
तो मुद्दा मी बाजूला ठेवला.
त्यांनी विचारलं, “वर म्हणजे एक, का पन्नास?”
“एक.”
“मग हे अजून वर जाणार?”
“जातील. मग येतील खाली.”
“येतील,” त्या म्हणाल्या,
आणि दाराशी काढून ठेवलेल्या त्याच्या चपलांकडे
आम्ही दोघांनीही बघायचं टाळलं.

गेल्या शुक्रवारी चौतीस.
या शुक्रवारी पोरगी काही बोलली नाही,
डबा ठेवून गेली.

दुपारी लाईट गेली. उद्यमनगर एकदम गप्प,
इतकं की चाक थांबताना त्याचा शेवटचा वेढा ऐकू आला.
समोरच्या ग्रिलवाल्याचा पोऱ्या
चहाची किटली हलवत गल्लीतनं गेला, गुणगुणत.
भोंगा बरोब्बर तेवढाच लांबवला त्यानं.
मी बोटं उचलली, लेथच्या पत्र्यावर, सवयीनं,
आणि तो वळणावर दिसेनासा झाला
तरी मी अजून पोचलो नव्हतो.